निवतीच्या रेतीवर दीर्घिका

दीर्घिका म्हणजे लांबोडी, बांधीव विहीर,
असं जुन्या कोशात सापडलं.
आकाशातल्या तिला हे नाव कुणी दिलं, ठाऊक नाही,
पण डोळा लावला की
काठावरून वाकल्यासारखंच होतं.

आरसा मी स्वतः घासला.
बर्फाच्या कारखान्यात, रात्रपाळीला,
कॉम्प्रेसरच्या घरघरीत काचेवर काच,
आठ महिने.
मग पाण्याच्या पाइपात बसवून
चैत्राच्या अवसेला रेतीवर आणला.

सप्तर्षींच्या शेपटाचं टोक, मरीची.
तिथून थोडं खाली.
"हो भोवरो?" बाबुली गिरप म्हणाला,
"पाण्यातलो की पोरांचो?
फिरता तर दिसना नाय."

मी सांगू लागलो, छायाचित्रात पाहिलेलं:
मधोमध पिवळट गाभा, म्हाताऱ्या ताऱ्यांची दाटी,
त्याला वेढून दोन बाहू, निळसर, कोवळे,
बाहूंच्या आतल्या कडेने धुळीची काळी रेघ
आणि रेघेला लगटून गुलाबी गाठी,
जिथे तारे जन्माला येतात.

यातलं दुर्बिणीत काहीच नव्हतं.
होते दोन डाग,
थुंकी लावून पुसलेल्या पाटीवर उरतात तसे.

"आणि बाहू घट्ट नसतात," म्हणालो,
आणि अडलो.
तारे शिरतात, रेंगाळतात, पलीकडे निघून जातात,
बाहू तिथेच.
मग बाहू म्हणून उरतं काय?
दोन वर्षं वाचूनही हे मला
तोंडापुरतंच कळलं होतं.

बाबुली चाळीस वर्षं
टेकडीवरून पाण्याचा रंग वाचतो.
त्याने हात वर केला की रापणीची होडी
अर्धगोल सोडत निघते,
दोन टोकांना दोन दोर, दोरांना अख्खा वाडा.
डोळा न काढता तो म्हणाला,
"खडपाच्या तोंडार तारलो अडता.
रोज थंयच गर्दी.
म्हावरां मात्र रोज दुसरां."

बस्स.

"कितक्या लांब?"
हा उजेड निघून कोटी-कोटी वर्षं झाली, मी म्हणालो,
दोन की तीन, मोजणाऱ्यांचं अजून जुळत नाही.
"म्हणजे शिळो."
शिळा कसा? वाटेभर बर्फात होता.
तो हसला. माझ्या धंद्याला हसला.

मग बराच वेळ काही नाही.
दीपगृह फिरत होतं खडकावर,
खारा दंव नळीवर साचत होता.

"ती धाकटी बाजूची, ती कोणाची?"
शेजारची. जवळून गेली कधीतरी,
जाताना हिचा एक बाहू ओढून नेला तिने.
"दोर सुटाक नाय अजून," तो म्हणाला,
"ताण दिसता मरे."

ताण माझ्या दुर्बिणीत दिसणं शक्य नाही.
मी काही बोललो नाही.

पृथ्वी सरकते, म्हणून डाग निसटतात कडेला.
नळी बोटाने ढकलावी लागते, अगदी इवलीशी.
हे मी त्याला सांगायचं विसरलो होतो.
पाहिलं तर त्याचा तळवा नळीवर,
सुकाणूवर ठेवावा तसा सैल,
आणि तो तिला
वाहू देत होता, धरून ठेवत होता.

चारला बर्फ फोडायचा होता.
मी एकटाच निघालो.