काळी रेघ

जगभर मैदानावर चुन्याची पांढरी रेघ मारतात.
आमची जमीनच पांढरी,
म्हणून आम्ही काळी मारायचो:
बॉयलरची राख, थोडं जळकं तेल,
आणि आईची बूड गळणारी झारी.
झारी धरायला मी. तेव्हा नऊ वर्षांची.

सांता एदुविहेस. नकाशावर शोधू नका.
आताकामाच्या वाळवंटात रेल्वेचा फाटा जिथं संपायचा
तिथं सोऱ्याचा कारखाना, पत्र्याच्या चार रांगा,
एक शाळा, एक दुकान,
आणि रविवारी अकरा माणसं. कधी दहा.
इथला सोरा बोटीत भरून जायचा,
समुद्रापलीकडे कुणाकुणाची शेतं
आमच्या जिवावर हिरवीगार.
आमच्या मैदानावर गवताचं पातं नव्हतं.
गवत मी पहिल्यांदा पाहिलं ते इकीकेला, कोर्टाच्या दारात,
आणि त्यावर पाय द्यायला घाबरले.

पडलं की गुडघा फुटायचा.
जखमेवर मीठ चोळायला
वेगळं कुणी लागत नसे.

क्लबची वही सोइलो बार्रासाकडे असायची.
तो दुकानात मापं धरायचा, अक्षर मात्र वकिलासारखं.
"आज दोन खिळे, एक लिंबू. चेंडूला तिसरं ठिगळ."
"तिकिटाचे एकशे चार टोकन जमा."
टोकन कंपनीचं, दुकान कंपनीचं,
कंपनीचं कंपनीला परत, मधल्या मध्ये आम्ही ओरडून घसा बसवलेला.
"जर्स्या धुणे, फिलोमेना तिकोना, पाणी दोन बादल्या."
ही माझी आई. वहीत एवढीच.
निळ्या जर्स्या धुऊन धुऊन
चौथ्या मोसमात निळा कुणाला आठवेना.

गोलकीपर एर्मोखेनेस चोके.
तो कुठल्या खांबाशी उभा आहे
ते त्याच्या खोकल्यावरून कळायचं.
पाहुण्या संघांनाही कळायला लागलं
तेव्हा तो खोकला दाबून धरायला शिकला, नव्वद मिनिटं.
मग सोमवारी दिवसभर फेडायचा.
खाल्ल्या मिठाला जागावं म्हणतात.
त्यानं खाल्लं थोडं, छातीत गेलं फार.

प्रांताचा चषक एकदाच आणला.
परतीच्या गाडीत तो कुणी तरी चोरला,
म्हणून प्लंबरनं पत्र्याचा केला,
आणि खरं सांगू, तोच जास्त चमकायचा.

मग दूरच्या कुठल्या देशात सोरा कारखान्यात बनू लागला,
स्वस्त. हे मला फार नंतर समजलं.
तेव्हा एवढंच दिसे: एकेक रांग रिकामी होतेय,
आणि राखीव खेळाडूच आता पहिले अकरा.

शेवटचा सामना ला कॉन्स्तान्सियाशी.
पंच आला गाडीनं, टोपी झटकली, शिट्टी पुसली.
समोर कुणीच नाही.
ला कॉन्स्तान्सिया मंगळवारीच बंद झालं होतं,
पत्रे उचकटून नेलेले, माणसं बंदराकडे.
पंच म्हणाला, नियम आहे:
मधून सुरू करा, एक गोल मारा, दोन गुण तुमचे.

विंको, पाववाल्याचा मुलगा, आमचा कॅप्टन,
चेंडू घेऊन निघाला.
कुणी आडवं येईना, तरी तो वळणं घेत गेला,
जणू जुना, ओळखीचा बॅक
अजून पाय घालतोय.
त्यांच्या गोलासमोर आला. थांबला.
चेंडू माझ्या काळ्या रेघेवर ठेवला,
अगदी रेघेवर, ना आत ना बाहेर,
आणि मागं न बघता चालत आला.

पंचानं घड्याळ पाहिलं. कुणी काही बोललं नाही.
खोकला तेवढा ऐकू आला, आज न दाबलेला.

सोइलोनं लिहिलं: "शून्य-शून्य. सामना अपुरा."
त्याखाली वहीत काही नाही.

दर नोव्हेंबरला आम्ही उरलेले बसनं जातो,
थडग्यांवर पत्र्याची फुलं बांधायला,
खरी तिथं दुपारपर्यंतही टिकत नाहीत.
गोलाचे खांब कुणी तरी सरपणाला नेले.
पण पाऊस कधीच पडत नाही त्या जागी,
आणि वारा नेतो फक्त हलकं.
तेल प्यालेली राख जड असते.

रेघ आहे अजून.
वाकून बोट लावलं की बोट काळं होतं.