पळी

घोटी-सिन्नर रस्ता सोडून आत वळलं की
दोन कोस नुसता कातळ, मग मांडवबारव.
एकवीस पायऱ्या. दिसतात अठरा,
तीन पाण्याच्या नावावर.

कोनाड्यात साती आसरा, सात गोटे.
सातवीला शेंदूर कमी,
तिच्यापर्यंत हात पोचत नाही कुणाचा.
चामखीळ असेल तर मूठभर खडेमीठ टाकायचं
आणि मागं न बघता वर यायचं.

तळाला मासा आहे, त्याच्या नाकात नथ.
दिसला की वर्षाच्या आत घरात पाळणा हलतो.
शेवंताकाकू मरताना म्हणाली,
मला तीनदा दिसला.
तिला मूल नव्हतं.

आणि भांडी.
लग्न निघालं की आदल्या सांजेला
काठावर हळदकुंकू ठेवून यादी वाचायची :
हंडे चार, पराती दोन, ताटं-वाट्या शंभर.
पहाटे सगळं पायरीवर हजर, घासूनपुसून.
पंगती उठल्या की मोजून परत पाण्यात.
असं किती पिढ्या चाललं कुणास ठाऊक,
मग एका घरानं एक पळी ठेवून घेतली.

ते घर आमचं.
आडनाव कातोरे, पण गावात आम्ही पळीचोर.
शाळेत, सोसायटीत,
माझ्या स्वतःच्या मांडवात
वाढप्यानं आमटीत पळी घातली
आणि अख्खी पंगत खोकली.

यंदा मे महिन्यात बारव आटली.
गाळ काढायला माणूस मिळेना, मी उतरलो.
दोराला पाटी, पाटीत चिखल,
चिखलात चाराणे, बांगडीकाचा, कुणाचा तरी चष्मा.
विसाव्या पायरीखाली पळी.

पितळी. अंगठ्यानं पुसली.
दांड्यावर भांडीबाजारातली टोचलेली अक्षरं :
सौ. शेवंता गेनू कातोरे यांजकडून.

म्हणजे काकू एसटीनं नाशकाला गेली,
दुकानाच्या ओट्यावर बसून नाव घालून घेतलं,
आणि एका रात्री एकटीच खाली उतरली.
मग आणखी दोनदा, बघायला,
काही वर आलंय का.
साधी वाटीसुद्धा आली नाही.

वरून दगडू ओरडला, "घावलं का रं काही?"
"गाळच," मी म्हणालो.

कातळाच्या फटीत पळी परत ठेवली,
नाव आतल्या बाजूला.
वर येताना मागं बघितलं.
मी कुठं मीठ टाकलं होतं.