हत्तीगोटा

पाथरटोल्याच्या तळ्यात एक गोटा आहे,
बसलेल्या हत्तीसारखा.
पाणी उतरत उतरत त्याच्या कानाशी आलं
की तुडूम बंद.
खालचं पाणी मासोळीचं, शिंगाड्याचं, ढोरांचं.
हे कुठं लिहिलेलं नाही.
तलाठ्याला विचारा, तो म्हणेल, रेकॉर्डला नाही.

त्या साली कार्तिकात
लोंबीत दूध भरायला एकच पाणी कमी पडलं
आणि हत्तीचा कान तर कोरडा होऊन गेलेला.
माझी बांधी सगळ्यात शेवटची.
तिथं पोचेस्तोवर पाटातलं पाणी म्हातारं होतं.

मी रात्री निघालो.
पायात चप्पल नाही, बिडी नाही,
कुत्र्यासाठी खिशात शिळ्या पोळीचा तुकडा.
घटकाभरच उघडायचा, म्हटलं.
घटकाभरानं कोणतं तळं आटतं?

पाळीवर चढलो तर तुडुमाजवळ कोणीतरी बसलेलं.
परसराम कापगते.
मांडीवर सब्बल आडवी.
"काऊन जी, झोप नाही?"
"उकडून राह्यलं," तो म्हणाला.
त्याचे दात वाजत होते.
"आन तुमी?"
"मलेबी उकडते."

बसलो मग.
दोघांपैकी कोणी उठेना,
कारण जो आधी उठेल
त्यानं दुसऱ्याच्या हाती तळं दिलं.

बारा-एकच्या सुमारास इमला शहारे आली,
लुगडं खोचलेलं, पदराखाली टॉर्च.
"शेळी हरपली माही," म्हणाली.
आम्ही तिघांनी थोडा वेळ शेळी शोधली.
पाण्यावरही टॉर्च मारून पाहिला.
गोट्याच्या पोटाशी काहीतरी डुबकन वाजलं
आणि वर्तुळं आमच्यापर्यंत येऊन थांबली.
मग इमलाबाईनं कोणाच्या घरी धान किती वाळला ते सांगितलं.
तिचा जास्त वाळला होता.
मी माझा सांगितला नाही.

चार वाजता चैतू दिघोरे आला, डोंगा सोडायला.
तिघांना पाहून थबकलाच.
"राखन करून राह्यले काजी तुमी? आमच्या मासोळीची?"
आम्ही नाही म्हणालो नाही.
त्याचा गळा दाटून आला.
बोलता बोलता त्यानं बगलेतलं जाळं मागं सरकवलं.
बारीक आसाचं,
पोटुशी मासोळीही सुटू न देणारं.
मी ते पाहिलं.
त्यानं सब्बल पाहिली.
इमलाबाईनं दोन्ही पाहिलं आणि म्हणाली,
"चाय कोन मांडते?"

उजाडेस्तोवर गावभर झालं,
चौघांनी तळं राखलं म्हणून.
सभेत आमचे हात वर धरले लोकांनी.
दुसऱ्या रात्रीपासून घरटी पाळी लागली.

माझी तीन पोती पोचट निघाली.
बायको अजून मोजते ती,
कार्तिक आला की.

पाळी आली की मीही जातो,
सब्बल घेऊनच.
परसराम रस्त्यात भेटतो, त्याच्याही खांद्यावर असते.
थंडी चांगलीच असते तेव्हा.
कोणी विचारलंच तर
उकडते म्हणतो.