नालबंद

मी खुरं वाचणारा माणूस.
घोडा लांबून चालत आला तरी सांगतो
कुठल्या पायात खडा, कुठला नाल सैल.
आणि माझीच लेक जन्मली तेव्हा
डावं पाऊल आत वळलेलं, तळवा वर,
जणू तळव्यावर काही लिहिलंय
आणि ती ते वाचत पडलीय.

मुलाचे पाय पाळण्यात दिसतात म्हणे.
दिसले.
मग गावाने आपली अक्कल दाखवली:
कुणाचं तरी पाऊल वाकडं पडलं असणार,
तेच हिच्या पायात उतरलं.
कुणाचं, ते कुणी बोललं नाही.
सगळ्यांनी नुसतं माकेनेवेकडे बघितलं.

माकेनेवे. केनेवेची आई.
आमच्याकडे सून घरात येते तेव्हाच
तिला न झालेल्या लेकराचं नाव देतात.
तीन वर्षं ती नुसत्या नावाची आई होती.
केनेवे म्हणजे, मला दिली गेली.
त्या रात्री ती एवढंच म्हणाली,
'दिलीय ना? मग परत कोण करतंय.'

मोखोत्लोंगचा दवाखाना मंगळवारी.
घोड्यावर अडीच तास, ब्लँकेटच्या आत लेक.
सेखोबे नावाचा माणूस, हात माझ्यासारखेच जाड.
मला वाटलं, हा आता पाऊल सरळ करणार
वाकलेला खिळा करतात तसं.
त्याने घोट्यापुढच्या एका हाडावर अंगठा टेकवला
आणि पंजा बाहेर फिरवला,
इतका हळू की काही घडलेलं मला दिसलंच नाही.
केनेवे दूध पीत राहिली.
'ती रडली तर माझं चुकतंय,' तो म्हणाला.
मग कापूस. मग ओलं प्लास्टर,
बोटांपासून मांडीपर्यंत, गुडघा दुमडून.

असे पाच मंगळवार.
जूनचा बर्फ, खिंडीत घोडा घसरलेला,
दर वेळी जुनं भिजवून सोडायचं, नवं बांधायचं,
आणि पाऊल थोडं थोडं
आपल्या जागी यायचं.
टाच मात्र खाली येईना. मागचा दोर आखूड.
आखूड दोराची शिंगरं मी पाहिलीत,
त्यांचं पुढं काय करतात तेही.

सेखोबेने तांदळाएवढं पातं आत घातलं, काढलं.
'तीन आठवड्यांत दोर स्वतःच जुळेल. लांब होऊन.'
गुडघा मी धरला होता.
शेकडो पाय मांडीत धरलेत मी,
हात कधी थरथरला नव्हता.

मग बूट. दोन बूट, मध्ये पट्टी.
चांगल्या पायालाही वाकड्याबरोबर कैद.
तीन महिने दिवसरात्र, पुढं चार वर्षं रात्री.
झोपेत पट्टी भिंतीवर आपटायची,
आणि कुत्रा उठून बसायचा.

दुसऱ्या वर्षी, लोकर कातरायच्या दिवसांत,
आम्ही दमलो होतो. ती किंचाळायची.
आज राहू दे, म्हणालो.
ते आज सहा आठवडे चाललं.
टाच उचलली गेली. मी ते आवाजावरून ओळखलं,
आणि बायकोला दोन दिवस सांगितलं नाही.
सेखोबे रागावला नाही.
त्याने बुटात नाक घातलं, आतलं चामडं हुंगलं.
घामाचा वास नव्हता.
'प्लास्टर,' म्हणाला. पुन्हा तीन मंगळवार.

आता ती घोड्यांमागं धावते.
डावी पिंढरी उजवीहून बारीक आहे, तशीच राहील.
चप्पलही त्या पायाची अर्ध्या मापाने लहान.

शेवटचे बूट परत द्यायला गेलो.
बाकावर एक पोरगा, विशीचाही नसेल,
मांडीवर गाठोड्यासारखं लेकरू,
सोबत कुणी नाही, नजर फरशीवर.
सांगायचं मनात पुष्कळ होतं.
त्याच्या शेजारी बसलो. बूट उलटा केला.
म्हणालो,
'हे बक्कल इथं झिजतं. बघ,
कसं शिवायचं ते दाखवतो.'