काट्यावरची दुसरी भाषा

लातूरच्या एमआयडीसीत, झंवरांच्या डाळमिलच्या दारात
साठ टनी काटा आहे. त्याच्या काचेच्या केबिनीत
एक जुना संगणक, कीबोर्डच्या फटीत तुरीचा भुसा,
आणि आत लोहारे सरांनी सीमध्ये लिहिलेला प्रोग्राम
सव्वीस वर्षं एकाच जागी मांडी घालून बसलेला.

भरलेली गाडी तोला, रिकामी वजा करा, पावती फाडा.
एवढं त्याला झोपेतही येतं.
पण ओलाव्याचा कडता दर हंगामाला बदलतो,
तुरीचा निराळा, सोयाबीनचा निराळा,
शेठच्या मर्जीचा आणखी निराळा,
आणि दर वेळी मैनोद्दीन चाचांचा फोन:
"बेटी, बारा का तेरा करना है."
एका आकड्यासाठी मी औसा रोडवरून स्कूटी काढायची,
अख्खा प्रोग्राम उसवायचा, पुन्हा कंपाईल करायचा,
तोवर बाहेर गाड्यांची बोंब.

यंदा मी सीच्या पोटात लुआ ठेवली.
वर एक हेडर फाईल, मग एका ओळीत
तिच्यासाठी खोली उघडली, पाटपाणी मांडलं.
खोली बंद करायची ओळही आधीच लिहून ठेवली,
कारण पाहुण्यामागचं आवरणं
सीच्या रक्तात नाही.

दोघींच्या मधे उतरंड.
सी तिच्याशी थेट बोलत नाही.
एक मडकं ठेवते: कोणता नियम.
त्यावर वजन. त्यावर ओलावा.
मग हाक.
लुआ तिन्ही उतरवते, आपल्या चुलीवर काय ते करते
आणि एकच मडकं परत ठेवते: कडता.
वरून मोजलं तर त्याचं नाव उणे एक.
ते उचलायचं, उतरंड होती तशी ठेवायची.
मी पहिल्या आठवड्यात उचलायलाच विसरले.
मंगळवारपर्यंत मडकी आढ्याला टेकली.

सी शून्यापासून मोजते. लुआ एकापासून.
आणि बालाजी हमाल पोती मोजताना 'एक' म्हणतच नाही,
"लाभ" म्हणतो, मग दोन, मग तीन.
पोतं तेच.
त्या एका फरकापायी माझा रविवार गेला.
आई दारातून: "काय करू लालीस गं एवढ्या राती?"

काय सांगू. आपल्या घरातलंच आहे हे, आई.
ट्रंकेत खासरा पत्रक उर्दूत आहे,
तू रागावलीस की तेलंगी मामाची शिवी देतेस,
चाचा गप्पा मराठीत मारतात, हिशेब दखनीत करतात,
वाक्य थांबत नाही त्यानं. तेवढं आत जातं,
उत्तर घेऊन येतं, पुढं चालतं.

चाचांना एक फाईल दाखवली.
हे उघडा, आकडा बदला, साठवा. बाकी हात लावू नका.
तिसऱ्या दिवशी त्यांनी हात लावला.
सातव्या ओळीवर 'जर' उघडलं आणि मिटायचं राहिलं.
काट्यावर निलंग्याची गाडी, अकरा टन,
ड्रायव्हर टायरला पाठ लावून बिडी ओढत.
मी हाक जपून मारलेली होती.
लुआ आतल्या आत पडली,
बाहेर सीच्या कपातला चहासुद्धा हिंदकळला नाही.
कालच्या नियमानं पावती निघाली
आणि पडद्यावर, इंग्रजी काढून मीच लिहून ठेवलेलं:
"सातव्या ओळीचं दार उघडं. नक्को, चाचा."

दोन मिनिटांत फोन.
"ये तू बोली, के वो बोली?"

मी चहाचा घोट तोंडातच धरला.
शब्द माझा. ओळ तिनं शोधलेली.
बोलली ती सीच्या तोंडून,
आणि सी लोहारे सरांची,
ज्यांचा नंबर अजून माझ्या फोनात आहे, लागत नाही.

"चाचा..." म्हणेपर्यंत मागून हॉर्न,
पावती फाडल्याचा आवाज,
आणि लांब, फोनच्या पार तळाशी, बालाजी:
लाभ. दोन.