भुर्दंड

सकाळपासून आलिकान्तेचं एक कुटुंब माझ्या कानाला चिकटलंय.
पंचवीस जीबी संपले, पोरांनी गाडीत कार्टून पाहिली,
आता दर जीबीला साडेतीन पौंड,
आणि बाप म्हणतो, पूर्वी नव्हतं हो असं.
पूर्वी नव्हतं. मी मान डोलावतो. फोनवर मान दिसत नाही.
संडरलँडच्या या खोलीत आम्ही साठ जण
न दिसणाऱ्या माना डोलावत बसतो.

मग तुमचा फोन आला, मिसेस टॅपसेल.
अकरा दिवस, फ्रान्स, रोज सव्वादोन पौंड.
माझ्या पडद्यावर स्वच्छ दिसत होतं.

"मी फ्रान्सला गेलेच नाही," तुम्ही म्हणालात,
जसं कुणी म्हणावं, मी चहात साखर घेत नाही.
"पासपोर्ट संपून सात वर्षं झाली.
कुत्र्याची कागदपत्रं ताजी आहेत. माझी नाहीत."

गाव कड्यावर. किनारा कड्याखाली.
खाली उतरलं की आपले सगळे मनोरे
त्या पांढऱ्या खडूच्या पाठीमागे राहतात,
आणि समोरून, एकवीस मैलांवरून,
फ्रान्स हात पुढे करतो.
आपलं स्वागत आहे, असा मेसेज. लगेच खाली दर.
"कुठल्या घरी असं करतात? या म्हणायचं, आणि बसायचे पैसे?
मी बाकावर असते. थर्मासचं झाकणही उघडलेलं नसतं.
वर चर्चमध्ये चार वाजतात, हातातल्या फोनमध्ये पाच.
तो मधला तास बिलात कुठे धरलाय, तेवढं सांगा."

मी सांगितलं ते कागदावर लिहिलेलं असतं:
सेटिंग्ज, मग मोबाइल नेटवर्क, मग रोमिंग बंद.
"मग ठिपका कसा हलेल?"

कुठला ठिपका?

"रसेलचा. कॅलेच्या फेरीवर इंजिनखोलीत असतो तो.
ॲपमध्ये जहाज म्हणजे निळा ठिपका,
आणि ठिपका तीन मिनिटं मागे.
बोट धक्क्याबाहेर आलेली मला दिसते, ठिपका अजून आत.
मी थांबते. ठिपका बोटीला गाठतो.
मग चहा ओतते."

त्याला माहीत आहे? (हा प्रश्न कागदावर नव्हता.)
"छे. भर समुद्रात बोटीचं वेगळंच नेटवर्क लागतं,
त्याचा दर ऐकलात तर नोकरी सोडाल.
डोव्हर सुटलं की तो फोनच बंद करतो.
बापावर गेलाय."

माझ्या हातात पंधरा पौंडांपर्यंतची दया आहे.
त्यावरची सुपरवायझरकडे, आणि ती जेवायला गेलेली.
मी कारणांची यादी उघडली.
ग्राहकाला नियम माहीत नव्हता.
तांत्रिक बिघाड.
सद्भावना.
ग्राहक आपल्याच गावात होती, असं कुठेच नाही.

"पैसे राहू द्या," तुम्ही म्हणालात,
"तेवढं 'फ्रान्स' खोडा.
आमचे हे चाळीस वर्षं नेतो, नेतो म्हणत राहिले.
न जाता गेल्याची नोंद नको मला.
जाईन तेव्हा लावा हवा तेवढा दर."

खोडायचं बटण नाही. मी खरंच शोधलं.
सद्भावना निवडली, पंधरा पौंड,
उरलेला भुर्दंड तुमचा.
शेऱ्याला ऐंशी अक्षरं मिळतात, त्यात लिहिलं:
ग्राहक बाकावर होती. फ्रान्स तिच्याकडे आला.

कॉल चौदा मिनिटं. सरासरीच्या वर, म्हणून लाल.
रांगेत पुढे क्रीटहून कुणीतरी,
नकाशा उघडत नाही म्हणून चौरस्त्यात उभं.
उचलण्याआधी मी तो ॲप उघडला.
कॅलेहून एक निळा ठिपका सुटत होता.
म्हणजे, तीन मिनिटांपूर्वीच सुटलेला.