सेनापती, एकटा

आमच्या गावात रेवाचिनीला सेनापती म्हणतात.
उगाच नाही.
चिमूटभर जास्त झाली की
रात्रभर कंदील घेऊन परसाकडे पळायचं,
आणि शेजारची वेई म्हातारी खिडकीत जागीच असते,
फेऱ्या मोजत.

कान्सूच्या दक्षिणेला, लीश्येनच्या वरच्या अंगाला
ऑक्टोबर सरता सरता बाबा मुळं खणतात.
तीन वर्षांचं मूळ मांडीएवढं जाड.
साल तासली की आत केशरी तारे,
जरीच्या कापडावर विणल्यासारखे.
तारे नसतील तर ते मूळ नव्हे,
जळण, म्हणतात बाबा.

मग फोडी दोरीत ओवून माळ्याला टांगायच्या
आणि खाली आग, नुसती धुमसती.
ज्वाला उठली की माल गेला.
दोन महिने, पाळीपाळीने झोप.
शाळेत माझ्या बाकावर कुणी बसत नसे,
इतका धूर माझ्या केसांत.

आता लानचौच्या प्रयोगशाळेत
मी त्याच मुळातून एकच रेणू वेगळा काढते.
इमोडिन.
तीन कड्या, एका बाकावर दाटीने बसलेल्या
तीन बहिणींसारख्या,
मधलीच्या दोन्ही हातांत एकेक ऑक्सिजन.
काचेच्या बुडाशी नारिंगी सुया साचतात.
अमोनियाचा थेंब पडला की
लाल. दातांखाली ओठ आल्यासारखं लाल.
तेव्हा कळतं, सापडला.

वहीत लिहिलंय:
सूज उतरते. काही जंतू वाढायचे थांबतात.
यकृताच्या कर्करोगाच्या पेशी मरतात, बशीत.
'बशीत'खाली मी दोनदा रेघ मारली आहे.
बशीत पेशी कशानेही मरतात,
व्हिनेगरनेसुद्धा.
त्याखाली: उंदरांना जास्त दिलं तर मूत्रपिंडाला इजा.
पाहुणे आले की ही ओळ
कुणी वाचून दाखवायला सांगत नाही.

मार्चमध्ये बाबांच्या पोटाचं ऑपरेशन झालं.
को माओशंग, खाट सतरा.
पाच दिवस आतडी गप्प.
पोट नगाऱ्यासारखं, आणि आत नाद नाही.
डॉक्टर फान येई, स्टेथोस्कोप टेकवी,
मान हलवी, जाई.
सहाव्या दिवशी तिने काढा लिहून दिला,
रेवाचिनीचा, नळीवाटे.
बाबांनी हातानेच खूण केली: भांडं इकडे.
हुंगलं.
"आमचा नाही. गंधकावर सुकवलाय."
नर्स हसली. मला हसू आलं नाही,
तो वास मलाही कळला होता.

रात्री दोनला पोटात गुरगुर झाली,
लांबच्या घाटात ट्रक चढावा तशी.
डॉक्टर फान धावत आली, कान देऊन ऐकलं,
आणि लहान मुलीसारखी टाळी वाजवली.
बाबा कुशीवर वळून पुटपुटले,
"गंधकाचा का असेना, सेनापतीच तो."
डिस्चार्जच्या कागदावर शस्त्रक्रियेचं नाव होतं,
तीन इंजेक्शनांची नावं होती.
काढ्याचं नव्हतं.
आमच्याकडे म्हणच आहे:
जिनसेंगने माणूस मेला तर दोष नाही,
रेवाचिनीने वाचला तर श्रेय नाही.

या नोव्हेंबरात मी घरी गेले तेव्हा
बाबांनी माझी कुपी बघायला मागितली.
दीड ग्रॅम. सात महिन्यांचं काम.
उजेडात धरली, झाकण काढून हुंगली.
"याला वासच नाही."
धूर गाळून टाकावा लागतो, बाबा.
"आणि सैन्य?"
कुठलं?
"मुळात बाकीचं होतं ते.
सेनापतीला एकट्यालाच रणात धाडलंस होय?"
सैन्य फ्रीजमध्ये आहे, मी म्हटलं,
वेगवेगळ्या खणांत, नावाच्या चिठ्ठ्या लावून.
ते खोकेपर्यंत हसले,
जुन्या टाक्यांवर तळहात दाबून.

पहाटे तीनची पाळी माझी होती.
वर चारशे माळा, खाली ओलं लाकूड.
एका कोपऱ्यात ज्वालेनं डोकं काढलं,
मी मूठभर राख टाकली.
या धुरात काय काय फोडींमध्ये शिरतं
आणि काय उडून जातं,
ते मी अजून मोजलेलं नाही.
कुपी खिशात होती. झाकण घट्ट आहे ना,
एकदा चाचपून पाहिलं.